आधी जागा, मग मैल

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. ते थोडक्यात असं: “माझं कृषी सेवा केंद्र आहे. खत-बियाण्याच्या कंपन्यांचे पैसे मी काही वर्षांपासून क्रेडिट कार्डानं भरतो. त्यावर ४,४०,००० पॉइंट जमले आहेत. बँक म्हणते, दोन पॉइंटला एक मैल या हिशेबानं एअर कॅनडाच्या एरोप्लान योजनेत टाका, नाहीतर ८८,००० रुपयांची व्हाउचर घ्या. मुलगी टोरांटोला असते. जानेवारीच्या शेवटी तिचं बाळंतपण आहे. बायकोचे दोन्ही गुडघे मागच्या वर्षी बदलले. ती डिसेंबरात जाऊन एप्रिलपर्यंत राहील. मी तिला सोडून तीन आठवड्यांत परत येईन, कारण दुकान कोणावर टाकता येत नाही. जावई म्हणतात, मैलांवर बिझनेस क्लासनं या. नागपूरचा एक एजंट म्हणतो, पॉइंट मला द्या, मी तिकीट काढून देतो. आणि बायको म्हणते, ‘आपन कायले बसाव तिथं? तेवढ्यात बाळाले सोन्याची साखळी होते.’ आम्ही काय करावं?”

भाऊ, नमस्कार.

सगळ्यात आधी एक विनंती. हे वाचून होईपर्यंत आणि त्यानंतरही काही दिवस, बँकेच्या ॲपमधल्या ‘ट्रान्सफर’च्या बटणाला हात लावू नका. बँकेचे पॉइंट एकदा विमान कंपनीकडे गेले की परत येत नाहीत. आज ते तुमच्या हातात मोकळे आहेत. उद्या ते एरोप्लानचे मैल, म्हणजे तिकिटासाठी वापरायचे विमान कंपनीचे पॉइंट, झाले आणि हव्या त्या तारखेला मैलांवर मिळणारी जागाच निघाली नाही, तर व्हाउचरही गेलं आणि तिकीटही. यार्ड सुरू आहे की बंद हे न विचारता कापसाची गाडी भरून निघण्यासारखं ते होईल. म्हणून क्रम असा ठेवा: जागा डोळ्यांनी दिसली पाहिजे, मग मैल हलवायचे आणि लगेच तिकीट काढायचं.

आता जावई काय म्हणतात ते समजून घेऊ, कारण त्यांचं म्हणणं मुळात बरोबर आहे. एरोप्लान ही एअर कॅनडाची योजना असली तरी तिच्या मैलांवर दुसऱ्या अनेक कंपन्यांच्या विमानात बसता येतं. एअर कॅनडा स्टार अलायन्स या १९९७ साली झालेल्या गटाची संस्थापक सदस्य आहे. लुफ्थान्सा, स्विस, पोलंडची लॉट, टर्किश, इजिप्तएअर, इथिओपियन या त्याच गटातल्या, आणि आपली एअर इंडिया २०१४ पासून त्यात आहे. गटाबाहेरच्या काही कंपन्यांशीही एरोप्लानचा वेगळा करार आहे, उदाहरणार्थ अबुधाबीची एतिहाद. एअर कॅनडाच्या स्वतःच्या विमानात मैलांचा भाव गर्दीप्रमाणे वरखाली होतो, आणि डिसेंबरात तो फार चढतो. बहुतेक भागीदार कंपन्यांच्या जागांना मात्र अंतराप्रमाणे ठरलेला तक्ता लागतो. शिवाय २०२० पासून एरोप्लान भागीदारांच्या तिकिटावर विमान कंपनीचा इंधन अधिभार लावत नाही. विमानतळाचे आणि सरकारी कर तेवढे रोखीनं भरावे लागतात, वर भागीदार तिकिटाचे ३९ कॅनेडियन डॉलर. काही योजनांत ‘फुकट’ तिकिटावर हा अधिभारच इतका असतो की साध्या वर्गाचं तिकीट त्यात निघावं. त्या मानानं तुमच्या बँकेच्या यादीत एरोप्लान आहे, हे चांगलं झालं.

तुमचे ४,४०,००० पॉइंट म्हणजे २,२०,००० मैल. आपल्याकडून टोरांटोला भागीदार कंपनीच्या बिझनेस क्लासला एका माणसाला एका बाजूनं लाखाच्या आसपास मैल लागतात असं धरून चला. नेमका आकडा तुमच्या वाटेवर ठरेल, त्याचं पुढे सांगते. म्हणजे एवढ्या मैलांत दोघं एका बाजूनं जाऊ शकता, किंवा एकच माणूस जाऊन-येऊन.

माझं मत विचाराल तर सगळे मैल वहिनींवर खर्च करा, जाण्याचे आणि येण्याचेही. तुम्ही धडधाकट आहात, साध्या वर्गाचं जाण्या-येण्याचं तिकीट पैशानं काढा आणि जाताना त्यांच्याच विमानात बसा. दोघं पुढे बसून गेलात तर जाणं मजेत होईल, पण एप्रिलमध्ये वहिनी एकट्या परत येणार आहेत. चार महिने लेकीचं आणि बाळाचं करून, रात्री जागून, त्या थकलेल्या असतील आणि शेजारी सामान उचलायला कोणी नसेल. तेव्हा त्यांना चौदा-पंधरा तास गुडघे दुमडून बसवायचं का? आडवं होता येणाऱ्या आसनाची खरी गरज त्या परतीच्या प्रवासात आहे. बदललेल्या गुडघ्यांना फार वेळ एका स्थितीत ठेवलं की सूज येते, आणि लांबच्या विमानप्रवासात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही असतो. गुडघे बदलणाऱ्या डॉक्टरांना निघण्याआधी एकदा भेटा, दाबाचे मोजे लागतील का ते विचारा. बिझनेसमध्ये बसल्या तरी दर दोन तासांनी उठून चालायचं आहे, हे वहिनींना सांगून ठेवा.

आणि वहिनी, हे तुमच्यासाठी. एजंटानं बिझनेसचं भाडं कितीही लाख सांगितलं असो, तेवढे पैसे वाचले असं मी म्हणणार नाही. तेवढं भाडं तुम्ही कधी दिलंच नसतं. खरी तुलना ८८,००० रुपयांच्या व्हाउचरशी आहे. त्या व्हाउचरवर बहुतेक वेळा ठरावीक दुकानांतल्या वस्तूच मिळतात. बाळाला साखळी जरूर करा, आजीनं करायलाच हवी, पण ती दुसऱ्या पैशातून. लेकीच्या घरी पोचल्यावर आठ दिवस पाय वर करून पडून राहावं लागलं, तर ज्या कामासाठी जाताय तेच अडेल. तिथं बसणारे लोक वेगळे कोणी नसतात. त्यांच्यातही कितीतरी जण असेच मैल जमवून आलेले असतात.

आता जागा शोधण्याचं काम. हे मुलीवर किंवा जावयांवर सोपवा, पण काय पाहायचं ते तुम्हालाही कळलं पाहिजे. विमान कंपनी बिझनेस क्लासच्या सगळ्या जागा भागीदारांच्या मैलांवर देत नाही. थोड्या देते, कधी एक, कधी दोन, कधी एकही नाही. या जागा बहुधा दोन वेळी सुटतात: तारीख विक्रीला खुली होते तेव्हा, म्हणजे साधारण अकरा-बारा महिने आधी, आणि नाहीतर उड्डाणाला दोन आठवडे उरले असताना, रिकाम्या राहतील अशा दिसल्या की. तुम्ही एकासाठीच शोधताय, हे सोयीचं आहे. एक जागा दोनपेक्षा पुष्कळ सहज मिळते. डिसेंबरात नाताळच्या आधीचे दहा दिवस सोडून द्या, परदेशात राहणारं सगळं जग तेव्हाच प्रवास करतं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, मंगळवार-बुधवारकडे पाहा. तारखेत आठ-दहा दिवसांची ढील असेल तर काम होण्याची शक्यता खूप वाढते.

शोधताना ‘नागपूर ते टोरांटो’ असं एकदम टाकून थांबू नका. आधी अवघड तुकडा पाहा, म्हणजे युरोपातून टोरांटो: फ्रँकफर्ट, म्युनिक, झुरिच, वॉर्सा. तिथं जागा दिसली की दिल्ली किंवा मुंबईहून त्या शहरापर्यंत त्याच वेळेच्या सुमाराला काय आहे ते पाहा. एरोप्लानच्या साइटवर दिसलेली जागा युनायटेडच्या साइटवरही तपासा, तीही त्याच गटातली आहे. कधीकधी पडद्यावर जागा दिसते आणि पैसे भरताना नाहीशी होते. दोन्हीकडे दिसली तर ती खरी असण्याचा भरवसा जास्त. शंका असेल तर मुलीनं टोरांटोहून एरोप्लानला फोन करून त्या विमानाचा क्रमांक सांगून विचारून घ्यावं आणि मगच तुम्ही मैल हलवावेत.

इथं एक फसगत फार लोकांची होते. यादीत ‘बिझनेस’ लिहिलेलं असतं, मैलही बिझनेसचे लागतात, पण नीट उघडून पाहिलं तर नागपूर-दिल्लीचा दीड तास बिझनेसमध्ये आणि अटलांटिकवरचे आठ तास साध्या वर्गात. त्याला ‘मिक्स्ड केबिन’ म्हणतात आणि एरोप्लान तसं बारीक अक्षरात लिहितंही. प्रत्येक तुकडा उघडून वर्ग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वाटेचा हिशेब आपल्या भागातल्या माणसासाठी जरा वेगळा पडतो. एरोप्लानचा तक्ता अंतराच्या पट्ट्यांवर चालतो, आणि या वाटेवर ८,००० मैल (हे अंतराचे मैल, खात्यातले नव्हेत) ही एक रेघ आहे. दिल्ली-फ्रँकफर्ट-टोरांटो साधारण पावणेआठ हजार मैल होतं, म्हणजे रेघेच्या आत. त्याला नागपूर-दिल्लीचे सव्वापाचशेच्या आसपास मैल जोडले की रेघ ओलांडली जाते आणि तिकिटाला खात्यातले दहा-पंधरा हजार मैल जास्त लागू शकतात. एअर इंडियाचं दिल्ली-टोरांटो विमान मात्र अंतरानं साधारण सव्वासात हजार मैल आहे. त्याला नागपूर जोडलं तरी रेघेच्या आतच राहतं. पाकिस्ताननं एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, त्यामुळे एअर इंडियाच्या पश्चिमेकडच्या फेऱ्यांचा वेळ वाढला आणि काहींना मध्ये इंधनासाठी उतरावं लागलं, हे धरून चाला. तरीही वहिनींसाठी माझी पहिली पसंती तीच. आसन कदाचित लुफ्थान्सा-स्विसइतकं नवं नसेल, पण परक्या विमानतळावर उतरून दुसरं दार शोधायचं नाही आणि हिंदी बोलणारी माणसं आहेत. एकट्यानं परत येताना याचं मोल आसनापेक्षा जास्त.

काही जण सुचवतील की दहा हजार मैल वाचवा, नागपूर-दिल्लीचं तिकीट वेगळं पैशानं काढा. जाताना तुम्ही सोबत आहात, तेव्हा एक वेळ चालेल. पण डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुकं असतं. सकाळची विमानं तासन्‌तास अडकतात, रद्दही होतात. तिकिटं वेगळी असली तर नागपूरचं विमान चुकलं म्हणून पुढचं विमान कोणी थांबवत नाही आणि नवं तिकीटही देत नाही. सामानही दिल्लीला उतरवून पुन्हा टाकावं लागतं. वेगळं तिकीट काढायचंच असेल तर आदल्या दिवशी दिल्ली गाठा. परतीला मात्र वहिनींचं तिकीट टोरांटो ते नागपूर एकाच क्रमांकावर असू द्या, मैल जास्त लागले तरी. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ पासून मुंबईचं विमान सुरू झालं आहे आणि दारव्ह्याहून ते जवळ वाटेल, पण एवढ्या मोठ्या प्रवासाची जोडणी त्या एका फेरीवर टांगू नका.

एरोप्लानमध्ये एका बाजूचं तिकीट सुटं निघतं, त्यामुळे दोन्ही तिकिटं आजच काढायची गरज नाही. जाण्याची जागा सापडली की तेवढेच मैल हलवा. उरलेले पॉइंट बँकेतच राहू द्या, फक्त त्यांची मुदत कधी संपते ते बँकेला विचारून ठेवा. एप्रिलची जागा दिसेल तेव्हा बाकीचे हलवा. मुलीचं बाळंतपण पुढेमागे झालं, वहिनींना महिनाभर जास्त राहावंसं वाटलं, तर हात मोकळा राहतो. एरोप्लानच्या खात्यात दीड वर्ष काहीच हालचाल झाली नाही तर मैल बाद होतात, आणि असे तक्ते कंपन्या अधूनमधून वाढवतही असतात. मैल साठवून ठेवायची वस्तू नव्हे.

खातं कोणाच्या नावानं काढायचं? तुमच्या. कार्ड तुमचं आहे आणि बँक सहसा कार्डधारकाच्याच नावाच्या खात्यात मैल पाठवते. जावयांच्या खात्यात पाठवायचा प्रयत्न अडकेल. तुमच्या खात्यातून वहिनींचं तिकीट काढता येतं, त्याला अडचण नाही. अडचण येते ती नावाच्या मांडणीची. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दोन्ही असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. बँकेच्या कार्डावर मधलं नाव गाळलेलं असतं किंवा नुसतं आद्याक्षर असतं. एरोप्लानचं खातं काढताना बँकेत जसं नाव आहे तसं ठेवा, नाहीतर मैल मध्येच लटकतील. वहिनींच्या तिकिटावर मात्र पासपोर्टमध्ये आहे तसंच, अक्षर न अक्षर. खातं आजच काढून ठेवलं तरी चालेल, त्याला पैसे पडत नाहीत.

मैल पोचायला कधी काही मिनिटं, कधी काही दिवस लागतात. जागा तेवढ्यात गेली तर दुसऱ्या तारखेची दिसते का तेही आधीच पाहून ठेवलेलं बरं. तिकीट काढल्यावर ०१४ नं सुरू होणारा तेरा आकडी तिकीट क्रमांक आला का ते पाहा. नुसता बुकिंगचा सहा अक्षरी संकेत पुरेसा नाही. तिकीट क्रमांक नसेल तर जागा फक्त धरलेली आहे, तिकीट निघालेलं नाही. दुसरं, विमान एअर इंडियाचं किंवा लुफ्थान्साचं असेल तर त्या कंपनीचा वेगळा सहा अक्षरी संकेत असतो. तो एरोप्लानकडून मागून घ्या. आसन, शाकाहारी जेवण आणि व्हीलचेअर त्या संकेतावर, त्या कंपनीकडेच मागावं लागतं.

व्हीलचेअर नक्की मागा, दोन्ही वेळा, निदान ४८ तास आधी. त्याला पैसे लागत नाहीत. वहिनींना चालता येत असलं तरी मागा, कारण व्हीलचेअरसोबतचा माणूस तपासणीतून, इमिग्रेशनमधून थेट दारापर्यंत नेतो. इंग्रजी न बोलता येणाऱ्या, एकट्या येणाऱ्या बाईला याहून मोठी मदत विमानतळावर कुठली नाही. गुडघ्यातल्या धातूमुळे तपासणीचं यंत्र वाजेल. शस्त्रक्रियेचं डॉक्टरांचं इंग्रजी पत्र पर्समध्ये वरच ठेवा. बिझनेसला बहुतेक कंपन्या ३२ किलोच्या दोन बॅगा नेऊ देतात, म्हणजे डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशेपा सगळं मावेल. मात्र खाण्याचं काय आहे ते कॅनडात उतरल्यावर लपवायचं नाही, विचारलं की स्पष्ट सांगायचं.

युरोपमार्गे जायची वेळ आली तर व्हिसाची एक गोष्ट लक्षात असू द्या. कॅनडाचा चालू व्हिसा असेल तर शेंगेन देशांच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या, विमानतळावर आतल्या आत विमान बदलायला वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. पण दिल्ली-वॉर्सा-फ्रँकफर्ट-टोरांटो असे दोन शेंगेन थांबे आले, तर मधला प्रवास त्यांच्या हद्दीतला धरला जातो आणि शेंगेन व्हिसाच लागतो. साइट अशा वाटा बिनदिक्कत दाखवते. एकच थांबा असलेली वाट घ्या. कॅनडाचा व्हिसा हातात नसेल तर आधी त्याच्या मागे लागा. आई-वडिलांसाठी तिथं सुपर व्हिसा म्हणून प्रकार आहे, त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्याला निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो. चार महिन्यांसाठी साधा व्हिजिटर व्हिसा पुरतो, पण विमा तेव्हाही घ्याच.

नागपूरच्या एजंटाला नाही म्हणा. लोकांनी आपापसांत मैलांची खरेदी-विक्री करणं अशा योजनांच्या नियमांत मना आहे. असं तिकीट पकडलं गेलं तर ते रद्द होतं, खातं बंद होतं, आणि ते कधी कळेल याचा नेम नसतो. वहिनी टोरांटोच्या विमानतळावर एकट्या उभ्या असताना कळलं तर? ज्याला पॉइंट दिले तो तुमच्या बँकेचा पासवर्ड आणि ओटीपीही मागणारच. नाव आणि पासपोर्टची प्रतसुद्धा देऊ नका.

मैल थोडे कमी पडले तर भर घालण्यासाठी कार्डावर जास्तीचा माल उचलू नका. हंगामात उधारी अडकते, बिल थकतं, आणि कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. एका महिन्याच्या थकबाकीत त्या मालावर मिळालेल्या पॉइंटची किंमत सहज निघून जाते. कमी पडलेले मैल एरोप्लानकडून थेट विकत मिळतात. महाग असतात, पण चार-पाच हजारांची तूट असेल तर तेच परवडतं.

डिसेंबरची जागा मिळालीच नाही तर? शक्य आहे. मग वहिनींना जाताना साध्या वर्गात, समोर जास्त जागा असलेल्या रांगेत पैसे भरून बसवा. तुम्ही शेजारी असालच, उठायला-चालायला मदत करा. पॉइंट तसेच ठेवून एप्रिलची जागा आत्तापासून शोधायला लावा, कारण ती तारीख अजून लांब आहे आणि गर्दीची नाही. टोरांटोचं आणि आपलं घड्याळ हिवाळ्यात साडेदहा तासांनी वेगळं असतं. मुलीची सकाळ म्हणजे तुमची दुकान बंद करायची वेळ. तिच्या फोनवर जागा दिसली तर तेव्हाच तुमचा फोन लागला पाहिजे आणि बँकेचा ओटीपी येणारं सिम त्याच फोनमध्ये, नेटवर्कमध्ये असलं पाहिजे. गावात रात्री रेंज जात असेल तर त्या आठवड्यात संध्याकाळी दारव्ह्यालाच थांबा.